गल्लीतलं वाढलेलं ट्रॅफिक : रस्त्याच्या कामाचं किती, नव्या बिल्डिंगांचं किती?

तुमचा प्रश्न वाचला. थोडक्यात परत सांगतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांनाही कळेल. कोथरूडमध्ये दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारी तुमची साडेसात मीटरची गल्ली, लांबी अंदाजे चारशे मीटर. त्यातल्या एका मोठ्या रस्त्याचं काँक्रीटीकरण चालू झाल्यापासून सकाळी नऊ-दहाच्या दरम्यान गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. त्यात २४-२४ फ्लॅटच्या तीन जुन्या सोसायट्या रीडेव्हलपमेंटला गेल्यात, तिथे मिळून १६० च्या आसपास फ्लॅट होणार. तुम्ही विचारताय की रस्त्याचं काम संपल्यावर हे कमी होईल का, नवीन टॉवरमुळे किती वाढेल, आणि स्पीडब्रेकर, वनवे, गेट यातलं नक्की मागायचं काय.

मी ट्रॅफिक इंजिनिअर आहे, कन्सल्टन्सीत बरीच वर्षं झाली, पुण्यात आणि बाहेरही अशा गल्ल्यांचे सर्व्हे केलेत. सगळ्यात आधी एक सांगतो, तुमच्याकडे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर (तुम्ही टाकलेल्या मेसेजवरून तरी) ते एकच धरून चाललेत. एक आहे बाहेरच्या गाड्यांचा, म्हणजे ज्यांना तुमच्या गल्लीत काहीच काम नाही, नुसतं आरपार जायचंय. दुसरा आहे गल्लीतल्याच वाढणाऱ्या लोकांचा. पहिला चालत्या गाड्यांचा आणि दुसरा मुख्यतः उभ्या गाड्यांचा. दोन्हीची ऑफिसं वेगळी, उपाय वेगळे आणि मुख्य म्हणजे अर्ज करायची वेळ वेगळी.

आधी ढोबळ हिशोब करू. तीन सोसायट्यांचे मिळून ७२ फ्लॅट होते ते १६० होणार, म्हणजे ८८ वाढले. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय वस्तीत सकाळच्या गर्दीच्या तासात दर दोन फ्लॅटमागे एक वाहन बाहेर पडतं असं मी दुचाकी-चारचाकी मिळून धरतो. हा अंदाज आहे, आयटीवाल्यांची बिल्डिंग असेल तर वेळ पुढे सरकते, निवृत्त लोक जास्त असतील तर आकडा खाली येतो. तर ४४ गाड्या तासाला, दीड मिनिटाला एक. आता मोठ्या रस्त्याकडे बघा. तिथून एका दिशेला तासाला समजा अडीच हजार वाहनं जातात आणि बॅरिकेड्स बघून त्यातल्या दहा टक्के लोकांनी तुमची गल्ली धरली तर झाल्या अडीचशे, म्हणजे दर पंधरा सेकंदाला एक गाडी. टॉवर अजून उभेही राहिले नाहीत आणि तुम्ही आत्ता जे भोगताय ते जवळपास सगळं या अडीचशेचं आहे. तरी ग्रुपवर शिव्या बिल्डरला बसतात, कारण त्याचा बोर्ड समोर दिसतो आणि अडीचशे जणांचा कुठेच बोर्ड नसतो.

आता काम संपल्यावर हे कमी होईल का. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, पण एक साधी तपासणी सांगतो, ती घरबसल्या नकाशावर होते. तुमच्या गल्लीतून गेल्यावर एखादा सिग्नल वाचतो का? म्हणजे मोठ्या रस्त्यावरून सरळ जाऊन चौकात उजवीकडे वळायचं असेल तर सिग्नलला अडीच-तीन मिनिटं थांबावं लागतं आणि तुमच्या गल्लीतून गेलं तर तो चौकच टळतो, असं आहे का? नसेल, तर काम संपल्यावर बहुतेक लोक मुकाट्याने मोठ्या रस्त्यावर परत जातात, कारण गल्लीतून जाण्यात फायदा उरत नाही. असेल, तर ती गर्दी आपोआप जायची नाही. काम चालू असताना लोकांना हा रस्ता कळला, दोन महिने रोज त्याच वाटेने गेले, फोनमधलं मॅपही तेच दाखवतं, मग काम संपल्यावरही सिग्नल तर तिथेच आहे ना. आधी ही वाट फक्त आसपासच्या रिक्षावाल्यांना माहीत होती, आता हिंजवडीला जाणाऱ्या माणसालाही माहीत झाली, एवढाच फरक.

दुसरी तपासणी लोक कधीच करत नाहीत. नवीन रस्त्याच्या ड्रॉइंगमध्ये दुभाजक कुठे उघडा ठेवलाय ते बघा. रस्ता नव्याने करताना दुभाजकातली जुनी पंक्चर (म्हणजे वळायला ठेवलेले मधले कट) बुजवतात, आणि ते वाहतुकीच्या दृष्टीने बरोबरही असतं, कारण प्रत्येक पंक्चर म्हणजे अपघाताची जागा. पण समजा तुमच्या पुढच्या-मागच्या दोन गल्ल्यांसमोरचे कट बंद झाले आणि फक्त तुमच्या तोंडाशी एक ठेवला, तर त्या सगळ्या वळणाऱ्या गाड्या कायमच्या तुमच्याकडे. हे काम चालू असताना बदलता येतं, दुभाजक ओतून झाल्यावर बदलायचं म्हटलं तर वर्ष जातं. महापालिकेच्या पथ विभागात जाऊन कनिष्ठ अभियंत्याला ड्रॉइंग दाखवायला सांगा, सहसा दाखवतात, नाहीच दाखवलं तर माहिती अधिकारात मागा.

काम किती चालेल याबद्दलही जरा सावध करतो. काँक्रीटचा रस्ता अर्धा-अर्धा करतात, एका भागात ओतलं की पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरायचे, तोपर्यंत त्यावर गाड्या सोडत नाहीत (सोडल्या तर पुढच्या पावसाळ्यात तडे मोजत बसायचं). ओतण्याआधी पाण्याची लाइन, ड्रेनेज, वीज, गॅस, फायबर सगळ्यांच्या खोदाया असतात आणि प्रत्येकाचा ठेकेदार वेगळा. म्हणून बोर्डावर जी तारीख लिहिलीय ती मी कधीच धरत नाही. मुंबईत अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद केला, एक बाजू उघडली फेब्रुवारी २०२४ मध्ये, आणि ती उघडली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी तिची पातळीच जुळत नव्हती, ते जोडायला आणखी काही महिने गेले, दुसरी बाजू पूर्ण व्हायला २०२५ चा मे उजाडला. अडीच वर्षं. तेवढ्या काळात अंधेरी-पार्ल्याच्या आतल्या रस्त्यांवर काय हाल झाले ते तिथल्या लोकांना विचारा. तुमचं काम पुलाचं नाही त्यामुळे इतकं लांबणार नाही, पण "दोन महिने कळ काढू" म्हणून गप्प बसू नका.

उलट बाजूही सांगतो नाहीतर एकतर्फी होईल. रस्ता बंद झाला की सगळीच्या सगळी वाहतूक शेजारच्या गल्ल्यांत घुसते असं होत नाही. काही लोक वेळ बदलतात, काही दोन फेऱ्यांची एक करतात, काही मेट्रो धरतात. वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो मार्च २०२२ पासून चालू आहे, तुमच्यातल्या डेक्कनला जाणाऱ्यांना तो पर्याय आहेच. ब्रिटनमध्ये १९९८ साली वेगवेगळ्या शहरांतली रस्ते अरुंद किंवा बंद केल्याची बरीच उदाहरणं एकत्र तपासली होती, त्यात अनेक ठिकाणी थोडी वाहतूक चक्क नाहीशी झालेली आढळली. म्हणून "गल्ली बंद केली तर सगळं कोथरूड ठप्प होईल" असं कुणी म्हणालं तर लगेच घाबरू नका. पण मेट्रो स्टेशनच्या चालत जाण्याच्या अंतरात असाल तर एक नवीन त्रास येतो, लोक दुचाकी तुमच्या गल्लीत लावून मेट्रोने जातात आणि त्या संध्याकाळपर्यंत तिथेच.

आता मोजणी. हे केल्याशिवाय कुठल्याही ऑफिसात जाऊ नका, "खूप ट्रॅफिक आहे" हे वाक्य तिथे रोज पन्नास जण म्हणतात. गल्लीच्या दोन्ही टोकांना ओळखीच्या कुणाच्या तरी बाल्कनीत फोन लावा, व्हिडिओ चालू करून, मंगळवार ते गुरुवारपैकी एका दिवशी सकाळी नऊ ते साडेनऊ. शाळेची सुट्टी, सण, पाऊस टाळा. मग संध्याकाळी चार-पाच जणांनी बसून प्रत्येक गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे आणि वेळ वहीत उतरवायचे. जो नंबर एका टोकाला ९:०४ ला आणि दुसऱ्या टोकाला ९:०६ ला दिसला तो आरपार जाणारा. जो आत आला आणि अर्ध्या तासात बाहेर पडलाच नाही तो तुमचाच कुणीतरी, किंवा पाहुणा, किंवा कामवाल्या मावशी. दुचाकी, रिक्षा, कार, टेम्पो वेगळे लिहा. कंटाळवाणं काम आहे पण कॉलेजची पोरं उत्साहाने करतात. गाड्यांचे पूर्ण नंबर ग्रुपवर टाकू नका, त्यावरून भलतीच भांडणं होतात. यातून जर निम्म्याच्या वर आरपार निघाले तर तुमचा अर्ज एका पानात होतो, आणि मला वाटतं तसेच निघतील.

रस्त्याची क्षमता वगैरे शब्दांत मात्र अडकू नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या तक्त्यात दोन पदरी कलेक्टर रस्त्याला (म्हणजे गल्ल्यांची वाहतूक मोठ्या रस्त्यावर नेणाऱ्या) तासाला ९०० कार-एकक, म्हणजे सगळी वाहनं कारच्या हिशोबात मोजून, अशी क्षमता दिलीय, आणि एखादा अभियंता तुम्हाला म्हणेल की तुमची वाहतूक त्याच्या आतच आहे. बरोबरच आहे त्याचं, पण गल्ली ही क्षमतेपर्यंत भरायची गोष्टच नव्हे. तिथे मुलं सायकल शिकतात, आजोबा दूध आणायला निघतात. १९७० च्या आसपास सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड ॲपलयार्डने तीन सारख्या रस्त्यांची तुलना केली होती, दिवसाला दोन हजार गाड्यांच्या रस्त्यावर माणशी त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र आणि सोळा हजारांच्या रस्त्यावर जेमतेम एखादा. म्हणून अर्जात क्षमता लिहू नका. आरपार वाहनांचं प्रमाण लिहा, वेग लिहा आणि चालणाऱ्यांची संख्या लिहा, शाळेच्या मुलांची तर नक्की.

आता काय मागायचं. तुमच्या ग्रुपवर सगळ्यात लोकप्रिय मागणी स्पीडब्रेकरची दिसतेय. नियमातला स्पीडब्रेकर म्हणजे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच अशी गोलसर पाठ, २५ च्या वेगाने गेलं तर कळतही नाही आणि चाळीसने गेलं तर चांगलं कळतं. प्रत्यक्षात मिळते ती काळी-पिवळी रबराची पट्टी, तिचे चार बोल्ट महिनाभरात निघतात, मग दुचाकीवाले निघालेल्या फटीतून वळणं घेत जातात आणि पहिल्या मजल्यावरच्यांना रात्रभर धडाधड आवाज. मागायचंच असेल तर शाळेसमोर फुटपाथच्या पातळीचं उंच क्रॉसिंग मागा, आणि गल्लीच्या दोन्ही तोंडांना कोपऱ्याचा गोलावा कमी करून मागा. सध्या तुमच्या कोपऱ्यावर कार तीसच्या वेगाने आत वळत असणार, गोलावा छोटा केला की तिला जवळपास थांबूनच वळावं लागतं. खर्च फार नाही, काँक्रीटचं काम चालू असतानाच त्याच ठेकेदाराकडून होऊन जातं.

वनवेबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. वनवे केला की समोरून कुणी येणार नाही हे कळल्यावर गाड्या जास्त जोरात जातात, आणि दिशा चुकली तर तुम्ही शॉर्टकट अधिकृत करून दिलात असं होतं. दिशा अशी हवी की सकाळच्या लोंढ्याच्या विरुद्ध. त्याहून बरं म्हणजे तुमच्या गल्लीला मध्ये आडवी गल्ली आहे असं तुम्ही लिहिलंय, तर त्या आडव्या गल्लीपासून दोन्ही अर्धे भाग बाहेरच्या दिशेने वनवे करा. म्हणजे रहिवासी आडव्या गल्लीतून आत येतील आणि दोन्हीकडून बाहेर पडतील, पण आरपार कुणालाच जाता येणार नाही. फक्त मग आडव्या गल्लीवाल्यांना आधीच सोबत घ्या, नाहीतर आपल्या दारातला केर शेजारच्या दारात लोटल्यासारखं होईल आणि पुढच्या आठवड्यात त्यांचा अर्ज तुमच्या विरोधात असेल. आणि हेही खरं की आपल्याकडे दुचाकीवाले राँग साइडने येणारच, त्यामुळे दुचाकींचं ट्रॅफिक यातून फार कमी होत नाही, चारचाकींचं होतं.

गेट, साखळी, "फक्त रहिवाशांसाठी" बोर्ड, हे सार्वजनिक रस्त्यावर लावता येत नाही. तुमचा रस्ता ले-आउटमधला खाजगी आहे की महापालिकेकडे हस्तांतरित झालाय ते आधी तपासा, जुन्या सोसायट्यांत अनेकांना हेच माहीत नसतं. महापालिकेचा असेल तर गेट विसरा. खाजगी असला तरी अग्निशमनची गाडी कशी येईल याचं उत्तर तयार ठेवा. वनवे, नो-एंट्री, जड वाहनांना बंदी हे सगळं वाहतूक पोलिसांच्या हातात, मोटार वाहन कायद्याच्या ११५ आणि ११६ कलमांखाली ते अधिसूचना काढतात. पुण्यात असे बदल बऱ्याचदा आधी तात्पुरते करून हरकती-सूचना मागवतात आणि मग कायम करतात. हा तात्पुरता टप्पाच तुमच्या कामाचा आहे, कारण त्यात बदल करून घेता येतो.

आता बिल्डिंगांकडे वळू, त्यांना मी निर्दोष सोडलं असं वाटायला नको. टॉवरचा खरा त्रास तीन ठिकाणी होतो.

पहिला बांधकाम चालू असताना. एक स्लॅब समजा १५० घनमीटरचा, मिक्सर गाडीत सहा-सात घनमीटर बसतं, म्हणजे एका स्लॅबला पंचवीसेक फेऱ्या, शिवाय पंपाची गाडी पाय पसरून अर्धा रस्ता अडवून उभी. भरलेला मिक्सर पंचवीस टनांच्या पुढे जातो. रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या (चाकांना जोडणाऱ्या आसावरच्या) वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं, म्हणजे आठ टनांचा एक एक्सल कारच्या अर्ध्या टनाच्या एक्सलच्या पासष्ट हजार पट रस्ता झिजवतो. ड्रेनेजची झाकणं का फुटतात आणि खड्डे नेमके साइटच्या गेटसमोरच का पडतात त्याचं उत्तर हे. तिन्ही बिल्डरांकडून लेखी घ्या की स्लॅबचा दिवस दोन दिवस आधी कळवणार, शाळेच्या वेळेत मिक्सर येणार नाही, आणि तिघांचे स्लॅब एकाच दिवशी नकोत. हे ऐकतात, कारण अडकलेला मिक्सर त्यांनाही महागात पडतो.

दुसरा त्रास पार्किंगचा, आणि हा कायमचा. प्लॅनमध्ये सगळ्यांना पार्किंग असतं, पण त्यातलं किती मेकॅनिकल, म्हणजे यंत्राने एकावर एक गाडी चढवायचं, आहे ते बघा. दुमजली स्टॅकमध्ये वरची गाडी काढायला खालची बाहेर काढावी लागते. आता सकाळी पावणेनऊला डोळ्यासमोर आणा, वरच्या गाडीवाल्याला निघायचंय, खालचा अंघोळीला गेलाय, चावी बायकोकडे, बायको डबे भरतेय. असं चार वेळा झालं की पाचव्या दिवसापासून एक गाडी कायमची रस्त्यावर. मेकॅनिकल पार्किंगच्या बिल्डिंगसमोर रस्त्यावर गाड्या दिसतात त्यात लोकांचा आळस कमी आणि डिझाइन जास्त. तुमची स्वतःची सोसायटी पुढे रीडेव्हलपमेंटला जाणार असेल तर करारातच अडकवा, एका फ्लॅटच्या दोन गाड्या असतील तर एक स्टॅक त्याच घराला द्या, आणि गेट रस्त्याच्या कडेला न ठेवता निदान एका कारच्या लांबीइतकं आत घ्या म्हणजे वॉचमन गेट उघडेपर्यंत थांबलेली गाडी गल्लीत उभी राहणार नाही. ही एक गोष्ट मी प्रत्येक प्लॅनवर आधी बघतो.

तिसरं म्हणजे रुंदीकरण. राज्याच्या बांधकाम नियमांत नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क घेऊन इथे जास्त बांधणं) वापरता येत नाही, म्हणून तुमची साडेसातची गल्ली नऊची व्हावी हे बिल्डरांना हवंच असतं. पुण्यात २०२० मध्ये सहा मीटरचे तीनशेहून जास्त रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव आला होता त्याच्या मागेही हेच कारण होतं. रुंदीकरण होतं ते एकेका प्लॉटपुरतं, ज्याची बिल्डिंग नवीन त्याची भिंत मागे, जुन्याची तिथेच. परिणाम असा की रस्ता पोट सुटल्यासारखा कुठे नऊ, कुठे साडेसात, आणि त्या रुंद तुकड्यात वाहतूक न जाता गाड्या पार्क होतात. माझं मत विचाराल तर ती वाढीव दीड मीटर पहिल्या दिवसापासून फुटपाथ आणि झाडांसाठी मागून घ्या. ती डांबराला गेली की आरपार जाणाऱ्यांना आणखी एक आमंत्रण.

उभ्या गाड्यांचं तोवर काय, तर सम-विषम तारखेचं पी-१ पी-२ पार्किंग मागा. दोन्ही बाजूला गाड्या लागल्या की साडेसातात मधे एक कार जेमतेम जाते आणि रोज समोरासमोर अडकून हॉर्न वाजतात, एका बाजूला लागल्या तर रस्ता चालतोही आणि वेगही फार वाढत नाही. रस्ता पूर्ण मोकळा करायच्या भानगडीत पडू नका, मोकळी गल्ली म्हणजे जोरात जाणाऱ्या गाड्या.

क्रमाबद्दल सांगायचं तर आधी मोजणी, मग लगेच पथ विभागाला दुभाजक आणि कोपऱ्यांचं पत्र, कारण ती संधी काँक्रीट ओतेपर्यंतच आहे. वाहतूक शाखेकडे वनवेचा अर्ज बॅरिकेड्स हलायच्या आधी द्या, लोकांची सवय मोडायची तर मोठा रस्ता उघडतो त्याच आठवड्यात गल्लीत काहीतरी बदललेलं दिसलं पाहिजे, चार महिन्यांनी केलं तर आरडाओरडा होतो. उंच क्रॉसिंगसारखी छोटी कामं क्षेत्रीय कार्यालयाकडे नागरिकांच्या बजेटमधून सुचवता येतात, पुण्यात ही सोय २००६-०७ पासून आहे, फक्त त्याची मुदत बघून ठेवा.

मोजणी झाली की आरपार किती आणि स्थानिक किती, दुचाकी-चारचाकी वेगळे करून, इथेच टाका, आणि आडवी गल्ली नक्की कुठे लागते त्याचा हाताने काढलेला नकाशा दिलात तरी चालेल. वनवेची दिशा त्यावरून सांगता येईल, आत्ता नुसत्या वर्णनावरून सांगणार नाही.